वाऱ्याचं बटण

सोमवारी दुपारी चिखलीच्या शेडच्या मालकांचा फोन आला तेव्हा मी जेवून नुकताच आडवा झालो होतो.

"सर, माल परत आलाय. अकराच्या अकरा पेट्या," मालक म्हणाले. "वारा लावला तरी पेटीतलं इमान सरळच जातंय म्हनत्यात शाळावाले."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. चाकणपासून पिंपरीपर्यंतच्या आमच्या या पट्ट्यात रोज कुणाचा ना कुणाचा माल परत येतच असतो. टेम्पो भरून जातो, चार दिवसांनी तोच टेम्पो तोंड पाडून परत येतो. माझं काम पडलं कागदाचं. फ्रेंच कागद मराठीत करून द्यायचा, विषय संपला. माझा कागद वीस वर्षांत कधी परत आला नव्हता, आणि ही गोष्ट मी न विचारता लोकांना सांगत असे.

"समद्या पेट्यांवर सही ताईचीच हाय," मालक पुढे म्हणाले. "लई नीट काम करायची वो, पर आता काय करनार? बुधवारपत्तुर ठेवतो, शुक्रवारपासून दुसरं मानूस. तुमी फकस्त येवडं करा, नव्या मानसाला तुमचा कागद येकदा समजावून सांगा."

आमच्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे आठवडा बुधवारी संपतो. म्हणजे त्या बाईच्या हातात दोन दिवस होते. "येतो की," असं म्हणून मी फोन ठेवला आणि पुन्हा आडवा झालो. झोप काही आली नाही. एक विसरलेलं संभाषण आठवू लागलं.

आधी हे शेड काय करतं ते सांगायला हवं. मालक मूळचे चिखलीचेच, शेतीवाले. वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी पत्र्याचं शेड उभं केलं. आधी नटबोल्ट केले, मग गाड्यांचे छोटे सुटे भाग, आणि दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा ओळखीतून एका फ्रेंच कंपनीच्या आराखड्यावरून वैमानिकी शिकणाऱ्या मुलांसाठी सरावाच्या पेट्या बनवायला घेतल्या. पेटी म्हणजे टेबलावर ठेवायची, जुन्या टीव्हीच्या खोक्याएवढी. तिला एक गोल तबकडी, तबकडीवर एक मोठा पांढरा काटा आणि एक लहान हिरवा. खाली दोन बटणं, एक विमान वळवायचं आणि एक वाऱ्याचं. मुलं या पेटीवर हात बसवतात आणि मग खऱ्या विमानात चढतात.

प्रत्येक पेटी बाहेर जाण्याआधी तपासावी लागते. तपासणीच्या बावीस पायऱ्या फ्रेंच पुस्तकात होत्या. त्या मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण या भागात यंत्राची फ्रेंच कळणारा मी एक म्हातारा शिल्लक होतो. माझा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून तपासणीच्या टेबलावर टांगलेला असे. ताई त्या कागदाप्रमाणे बावीस पायऱ्या करायची आणि पेटीबरोबरच्या कार्डावर सही करायची. ताई म्हणजे परभणीकडची, तिशी-पस्तिशीतली बाई. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. मालक तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणायचो.

तिचा मला महिन्यापूर्वी फोन आला होता. मी तेव्हा चिंचवडच्या बँकेत रांगेत उभा होतो आणि पुढचा माणूस खिडकीवर गप्पा मारत होता, त्यामुळे आधीच वैतागलो होतो.

"सर, चौदाव्या पायरीचं विचारायचं होतं," ती म्हणाली. "वाऱ्याचं बटण फिरवलं की ल्हान काटा हलायलाय. कागदावर लिव्हलंय, हलायला नको."

"मग हलू देऊ नका."

"मागं एक स्क्रू हाय, तो आवळला की हलत नाही. पण सर, काटा हलायचाच नसंल तर मग ते बटण कशाला दिलंय?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ताई, तुम्ही इंजिनिअर आहात का? लिहिलंय तसं करा."

"बरं सर," असं म्हणून तिने फोन ठेवला. मी रांगेत एक पाऊल पुढे सरकलो.

हे संभाषण सोमवारी दुपारी जसंच्या तसं कानात वाजायला लागलं. मी उठलो, लॅपटॉप उघडला, मूळ फ्रेंच पुस्तक काढलं आणि चौदाव्या पायरीवर आलो. वाचलं, आणि शेजारी माझा कागद ठेवला.

फ्रेंच विमानवाले दिशेच्या बाबतीत फार काटेकोर असतात. विमानाचं नाक जिकडे रोखलेलं आहे त्याला ते काप म्हणतात. विमानाला जमिनीवरच्या ज्या रेषेने जायचं असतं, तिला रूत. या दोन्ही गोष्टी एक नसतात, कारण मध्ये वारा असतो. नाक पूर्वेकडे ठेवून निघालात आणि उत्तरेचा वारा लागला, तर तुम्ही हळूहळू दक्षिणेकडे ढकलले जाणार. नाक पूर्वेलाच राहील, पण तुम्ही पूर्वेला पोचणार नाही. त्या ढकलण्यालाही त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, देरीव. शिकणाऱ्या पोराने हेच तर शिकायचं असतं, की जायचंय कुठे ते धरून नाक कुठे ठेवायचं. पेटीवर मोठा काटा होता नाकाचा आणि लहान काटा जाण्याच्या रेषेचा.

मूळ पुस्तकात चौदावी पायरी अशी होती: वारा चालू केल्यावर काप हलता कामा नये. पंधरावी अशी: रूत लहान काट्यावर वाचून रकान्यात लिहावी. म्हणजे मोठा काटा स्थिर हवा, लहान काटा सरकायलाच हवा.

माझ्या कागदावर मी लिहिलं होतं: वारा चालू केल्यावर दिशा हलता कामा नये. दिशा लहान काट्यावर वाचून रकान्यात लिहावी.

कापला दिशा, रूतलाही दिशा. कोणीही शहाणा माणूस यावरून काय समजेल? लहान काटा म्हणजे दिशा, आणि ती हलायला नको. ताईने अक्षरशः तेच केलं होतं. अकरा पेट्यांतले अकरा हिरवे काटे तिने स्क्रू आवळून गप्प बसवले होते. लहान काटा किती सरकायला हवा याचा एक तक्ता पुस्तकाच्या शेवटी होता. त्यात नुसते आकडे आहेत म्हणून मी तो कागदात घेतलाच नव्हता.

ही चूक झाली कशी, तेही सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल. मी वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत फ्रेंच यंत्रांची पुस्तकं मराठीत करायचो. तिथे आमचा एक नियम होता, एका वस्तूला एकच शब्द. फ्रेंच माणूस यंत्राच्या एकाच झाकणाला हौसेने तीन नावं देतो. आपल्या माणसाने तीन नावं वाचली तर तो तीन झाकणं शोधत बसतो आणि तोवर लाइन थांबते. म्हणून मी एक यादी केली होती. सारख्या अर्थाचे फ्रेंच शब्द डावीकडे, आणि त्या सगळ्यांना मिळून एक मराठी शब्द उजवीकडे. ती यादी मी लॅपटॉपवर बसवून घेतली होती, आपोआप शब्द भरायची. साहेब लोक बाहेरच्यांना ती यादी कौतुकाने दाखवायचे. विमानाचं काम आलं तेव्हा काप आणि रूत हे दोन शब्द मी पाच मिनिटांत त्या यादीत एकाच ओळीत कोंबले. रूत म्हणजे साधा रस्ता असं कोणीही लिहील, आकाशात कुठला आलाय रस्ता, मी दिशा लिहिलं, असं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. कारखान्यात ज्या सवयीने माझं नाव झालं, त्याच सवयीने इथे माती केली.

फोन हातात घेतला. मालकांचा नंबर काढला. आणि खाली ठेवला.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. मी एकोणसाठ वर्षांचा आहे. घरी बसून मिळणारं हे काम म्हणजे माझी उरलीसुरली ऐट. शेडमध्ये गेलो की मालक स्वतः खुर्ची पुढे करतात, पोरींना सांगतात, सरांना फ्रेंच येती बरं का. एकदा चूक कबूल केली की ही खुर्ची गेली. शिवाय आणखी एक भीती होती, ती जास्त लाजिरवाणी. ताईने माझ्या त्या फोनबद्दल मालकांना सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर मालक मला खेळवतायत, मी आपणहून बोलतो का ते बघतायत. सांगितलं नसेल तर कुणालाच काही कळणार नाही. हा दुसरा विचार मनात आला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं, हे मी आजही विसरू शकत नाही.

मंगळवार मी वकिली करण्यात घालवला. पक्षकार मीच. मूळ पुस्तकात काट्यांचे रंग का नाही दिले? मालकांनी नमुना पेटी मला का नाही दाखवली? बाईला शंका होती तर तिने पुन्हा का नाही विचारलं? या शेवटच्या प्रश्नाशी आलो की माझी वकिली बंद पडायची. पुन्हा कशी विचारणार ती? मी तिला इंजिनिअर आहात का म्हणून विचारलं होतं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "दुपारपासून तेच पान उघडं आहे तुमचं. तब्येत बरी आहे ना?"

मी तिला सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"मग उद्या सकाळी जा," ती म्हणाली.

"बघू. आधी जरा नीट लिहून काढतो, म्हणजे मांडता येईल."

"काय मांडायचंय त्यात? उद्या बुधवार आहे."

मला तिचा राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

बुधवारी सकाळी स्कूटर काढली. स्पाइन रोडला एक कंटेनर आडवा झाला होता आणि दोन्ही बाजूंची वाहतूक खोळंबली होती. पुढे रिक्षा, मागे कंपनीची बस, बाजूला हॉर्न. घड्याळात साडेदहा. माझ्या डोक्यात भलभलतं येत होतं. ताई सकाळीच येऊन सगळ्यांचा निरोप घेऊन गेली असली तर? मालकांकडे तिचा पत्ता तरी असेल का? भाड्याची खोली, बदलली की माणूस हरवलं. मी गाडी बंद करायचो, चालू करायचो, पुन्हा बंद करायचो. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, उडून जानार का?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला.

शेडवर पोचलो तर ताई टेबलाशीच होती. एक परत आलेली पेटी उघडून तिच्यात डोकं घालून बसली होती. माझ्याकडे बघून मान हलवली, पण नेहमीसारखं "या सर" म्हणाली नाही. माझे पाय तिथे थांबले असते, पण मालकांनी केबिनमधून हाक मारली आणि खुर्ची पुढे केली.

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, चहाबरोबर गप्पा आल्या असत्या, आणि मी बोललोच नसतो. "तिची चूक नाही," मी म्हणालो. "कागद माझाच चुकलाय."

मी काप सांगितलं, रूत सांगितलं, दोन काटे सांगितले. माझा आवाज चढत गेला, हात उगाच हलायला लागले. मालकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. मला वाटलं त्यांना एकतर काहीच कळत नाहीये, नाहीतर फार कळलंय.

मग ते म्हणाले, "आमी ल्हानपनी इंद्रायणीत पवायचो. समोरच्या घाटाला लागायचं आसलं तर तोंड घाटाकडं करून भागत न्हाई. पानी खाली वडतं. तोंड वरच्या अंगाला ठिवायचं, तवा घाटाला लागतंया. त्येच ना ह्ये?"

"तेच," मी म्हणालो. जी गोष्ट मी फ्रेंच शिकून घालवली, ती हा माणूस नदीत पोहून शिकला होता.

"मग तिला कळलं न्हाई व्हय काटा आडकलाय त्यो? विचारायचं तरी."

इथे मला थांबता आलं असतं. कागद चुकला एवढं कबूल झालंच होतं, तिची नोकरी बहुतेक वाचली होती.

"विचारलं होतं," मी म्हणालो. "मला फोन केला होता तिने. मी तिला झटकून टाकलं."

मालक उठून दारात गेले आणि हाक मारली, "ताई, जरा कागद घिऊन या बरं."

ती पाकिटासकट कागद घेऊन आली. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "ताई, चौदावी पायरी मी चुकीची लिहिली होती. तुमचं बरोबर होतं. माफ करा मला."

तिने पाकिटातून कागद काढला, उलटा केला आणि टेबलावर ठेवला. पाठीमागे निळ्या पेनाने, शाळेतल्या पोरीसारख्या गोल अक्षरात लिहिलं होतं: पायरी १४. काटा हलतो. सरांना फोन केला. सर म्हणाले, लिहिलंय तसं करा.

म्हणजे माल परत आला तेव्हाही ही ओळ तिच्या टेबलावर होती. तिच्या बाजूचा पुरावा हाताच्या अंतरावर टांगलेला होता.

"ह्ये दाखवलं का न्हाई मला?" मालकांनी विचारलं.

"काय दाखवायचं?" ती म्हणाली. "सर शिकलेले, वयानं मोठे. मला वाटलं माझंच वाचायला चुकलं आसंल. घरी बी तेच सांगितलं मी, की मला हे काम जमंना झालंय."

तीन दिवस मी माझ्या खुर्चीची काळजी करत होतो, आणि ही बाई तीन दिवस स्वतःला अडाणी समजून घरी भाकऱ्या थापत होती. मी पुन्हा माफीचं काहीतरी पुटपुटायला लागलो. वयाचं, बँकेच्या रांगेचं, कसलंतरी.

"ते राहू द्या सर," ती म्हणाली. "बटण कशाला दिलंय तेवढं सांगा."

आम्ही तिघेही टेबलाशी गेलो. तिने उघड्या पेटीचा मागचा स्क्रू स्वतःच सैल केला. मी विमानाचं नाक पूर्वेला आणलं, मोठा काटा नव्वदवर. मग तिला म्हटलं, आता वारा लावा. तिने बटण सावकाश फिरवलं. मोठा काटा जागचा हलला नाही. लहान हिरवा काटा थरथरला, सुटला, आणि एकेक रेघ ओलांडत अठ्ठ्याण्णववर जाऊन थांबला. पुस्तकाच्या शेवटच्या तक्त्यात हाच आकडा होता, जो मी तिला दिलाच नव्हता.

"म्हणजे तोंड इकडं आन् जाणं चाललंय तिकडं," ती म्हणाली.

"हो."

"आन् पोराला ते दिसायला पायजे."

"तेवढ्यासाठीच ही पेटी आहे."

तिने बटण मागे फिरवलं, पुन्हा पुढे फिरवलं. काटा गेला, आला. "मग मी अकरा पोरांचे वारे बंद केले की," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, मी केले. पेट्या अजून पोरांच्या हाती लागल्या नव्हत्या, वैमानिकी शाळेच्या मास्तरांनी आधीच पकडल्या होत्या. हे मालकांनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा खुर्ची शोधून बसलो.

"ताई, शुक्रवारी येळेवर या," मालक म्हणाले. "अकरा पेट्या खोलायच्यात. आन् सर, हितून पुढं तुमचा कागद आधी ताई वाचनार. तिला पटला तरच पाकिटात जाईल."

मी मान डोलावली. मालक केबिनमध्ये गेले. ताई मात्र उभीच होती. तिने पेन काढलं, कागदाच्या पाठीमागे तिच्या त्या जुन्या ओळीखाली चौदावी पायरी तिच्या भाषेत लिहिली: वारा लावल्यावर मोठा काटा हलू नये, लहान काटा हललाच पाहिजे. किती, ते तक्त्यात बघावे. लिहून झाल्यावर एकदा मनातल्या मनात वाचली. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन वर ठेवलं.

"इथं सही करा, सर," ती म्हणाली. "पेटीवर माझी आसतीच."

मी पेन उचललं. सही करायला जागा खाली होती, आणि तिथवर जाताना वरची ओळ वाचावीच लागत होती. सर म्हणाले, लिहिलंय तसं करा. मी ती वाचली, आणि खाली सही केली.